शेपूट सांभाळ! टेलव्हील विमान शिकतानाचे माझे १३ तास

लायसन्स हातात आलं तेव्हा लॉगबुकात ७० च्या आसपास तास होते आणि आपल्याला विमान चालवता येतं अशी माझी पक्की समजूत होती. सगळे तास सेस्ना १७२ वरचे. हे विमान १९५६ पासून बाजारात आहे, जगात सगळ्यात जास्त संख्येने बनलेलं विमान तेच, आणि त्यावर शिकलेल्या कुणालाही विचारा, ते पोरांच्या चुका आईसारखी पोटात घालतं. जरा वाकडं टेकलं तरी स्वतःच सरळ होतं. पाय पेडलवर (रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे नेणारं शेपटातलं पातं, यांनीच हलतं) नुसते ठेवून दिले तरी दिवस निघून जातो. माझे पाय तसेच होते, ठेवून दिलेले, पण हे मला त्या वेळी माहीत नव्हतं ना.

मग एकदा हँगरच्या कोपऱ्यात एक पिवळं पायपर जे-३ कब दिसलं. शेपूट जमिनीला टेकलेलं, नाक आभाळाकडे, मानी कोंबडा उभा असावा तसं. ही विमानं १९३८ ते १९४७ मध्ये बनली, जवळपास २०,०००. इंजिन ६५ हॉर्सपॉवरचं, रिकामं वजन ३५० किलोच्या आत, अंगावर पत्रा नाही, ताणून बसवलेलं कापड, बोटाने टिचकी मारली की डफासारखा आवाज येतो. बॅटरी नाही, स्टार्टर नाही, उतरताना पंखांच्या मागच्या कडेने खाली येणारे फ्लॅप नाहीत. पेट्रोलचा काटा म्हणजे टाकीच्या झाकणातून वर आलेली एक तार, तिच्या खालच्या टोकाला बूच तरंगत असतं, पेट्रोल कमी झालं की तार खाली उतरते, बस. मी तिथेच उभ्या उभ्या ठरवलं की हे शिकायचं. कब शिकवणाऱ्या सरांना विचारलं तर ते माझ्या बुटांकडे बघून म्हणाले, "हे जाड तळव्याचे बूट घालून येऊ नकोस." एवढंच. पहिला धडा तोच होता हे नंतर कळलं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भानगड काय असते ते सांगते. एअरपोर्टवरची सामान भरलेली ट्रॉली आठवा. तिची फिरणारी चाकं पुढे आणि न फिरणारी मागे, म्हणून ढकलली की गुमान सरळ जाते. तीच ट्रॉली उलटी करून, म्हणजे न फिरणारी चाकं पुढे ठेवून, जोरात ढकलून सोडून द्या. दोन-चार फूट जाईल आणि गर्रकन फिरून तोंड मागे करेल. टेलव्हील विमान म्हणजे ती उलटी ट्रॉली. मोठी दोन चाकं पुढे, वजनाचा मध्य त्यांच्या मागे, आणि शेपटाखाली एक छोटंसं चाक. जरा वाकडं झालं की मागचं वजन पुढे जायला बघतं, त्याने आणखी वाकडं होतं, आणि वेळेवर पाय नाही मारला तर विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. याला ग्राउंडलूप म्हणतात. त्यात पंखाचं टोक जमिनीला घासतं, कधी चाकाचा पाय मोडतो, कधी प्रोपेलर जातो. १७२ मध्ये वजन मोठ्या चाकांच्या पुढे असतं म्हणून ते आपसूक सरळ होतं. एवढाच फरक आहे, पण या एवढ्याशा फरकाने माझे पुढचे १३ तास खाल्ले.

गंमत म्हणजे चाकांच्या या रचनेला अजूनही कन्व्हेन्शनल गिअर, म्हणजे रूढ चाकं, म्हणतात, कारण एके काळी विमान म्हटलं की असंच असायचं. डीसी-३ बघा, स्पिटफायर बघा, सगळी शेपटावर बसणारी. नाकाखाली चाक हीच तेव्हा नवलाई होती. आता उलटं झालंय, टेलव्हील वेगळं शिकायला लागतं, अमेरिकेत तर १५ एप्रिल १९९१ च्या आधी ज्यांनी पायलट इन कमांड, म्हणजे विमानाचा जबाबदार पायलट, म्हणून असं विमान उडवलं होतं ते सोडून बाकी सगळ्यांना त्यासाठी लॉगबुकात इन्स्ट्रक्टरची वेगळी सही लागते.

पहिल्या दिवशी आधी प्रोपेलर हाताने फिरवायचं शिकवलं. शिकवलं म्हणजे घाबरवलं. शेपूट दोरीने खुंटीला बांधलेलं, चाकांना ठोकळे, आत माहितीतला माणूस बसलेला, ब्रेक दाबलेले. बाहेरचा ओरडतो "स्विच ऑफ", आतला तेच परत म्हणतो, मग पातं हाताने तीन-चार वेळा फिरवायचं, मग "कॉन्टॅक्ट", आतला स्विच चालू करतो, आणि बाहेरचा पात्यावर बोटं नुसती टेकवून, आवळून धरायची नाहीत, खाली झटका देत देतच मागे सरकतो. इंजिनावरचा मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः तयार करतो म्हणून बॅटरी लागत नाही, पण त्याच कारणाने स्विचची वायर कुठे तुटलेली असली तर स्विच ऑफ असूनही इंजिन सुरू होऊ शकतं. त्यामुळे सरांचा नियम असा की हे पातं कायम जिवंत आहे असं धरून चालायचं. तोल पुढे जाता कामा नये, सैल ओढणी-मफलर काही नको. मी पहिला झटका दिला तेव्हा काहीच झालं नाही, दुसऱ्याला एक खोकला, तिसऱ्याला एकदम फटफटफट करून सुरू झालं आणि मी इतकी मागे पळाले की सर आतून हसत होते ते काचेतून दिसलं.

कबमध्ये एकट्याने उडवायचं तर मागच्या सीटवरून उडवतात, तोल तसा बसतो. त्यामुळे शिकणारा मागे आणि इन्स्ट्रक्टर पुढे. म्हणजे माझ्यासमोर काय? सरांची पाठ. निळा शर्ट, कॉलरला एक शिवण उसवलेली. आणि सगळी घड्याळं त्या पाठीच्या पलीकडे. माझी उंची ५ फूट १ इंच, खाली दोन उशा घेऊन बसले तरी स्पीड किती, उंची किती, काही दिसत नाही. मी विचारलं, "सर, स्पीड कसा कळणार मला?" तर म्हणाले, "कान आहेत ना?" मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती.

पहिला अख्खा तास आम्ही उडालोच नाही, नुसती टॅक्सी, म्हणजे जमिनीवरच चालवणं. समोर नाकाने आभाळ झाकलेलं, पुढे माणूस आहे की म्हैस आहे कळत नाही, म्हणून नागमोडी जायचं, नाक डावीकडे नेलं की उजव्या खिडकीतून पुढचं बघून घ्यायचं, परत उजवीकडे. त्यात वारा. वारा समोरून तिरका येत असेल तर स्टिक (हातातली विमान चालवायची दांडी) पोटाशी आणि वाऱ्याच्या बाजूला, मागून तिरका असेल तर स्टिक पुढे आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. दर वळणाला वारा वेगळ्या कोपऱ्यातून येणार, दर वळणाला हात बदलायचा. ब्रेक टाचेखाली, छोटीशी बटणं असावीत तसे, आणि ते वापरले की सर ओरडणार. तासाभराने उतरले तर पोटऱ्या थरथरत होत्या आणि लॉगबुकात काय लिहायचं प्रश्नच होता, कारण आम्ही कुठे गेलोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी टेकऑफ. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायची मूठ, पुढे, स्टिक पुढे, शेपूट वर येतं आणि एकदम समोर रनवे दिसतो, इतकं बरं वाटतं म्हणून सांगू. पण शेपूट वर आलं त्याच क्षणी नाक डावीकडे पळतं. फिरणारा प्रोपेलर म्हणजे एक भोवराच, त्याला एका दिशेने ढकललं की तो भलत्याच दिशेने जोर लावतो, हे पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलेलं होतं, मार्कसुद्धा मिळाले होते. १७२ मध्ये ते कधी जाणवलंच नाही. इथे शेपूट जेवढ्या झटक्यात उचलाल तेवढ्या झटक्यात नाक डावीकडे. मी पहिला टेकऑफ रनवेच्या मधून सुरू केला आणि डाव्या कडेवरून हवेत गेले. सर काही बोलले नाहीत. वर गेल्यावर शांतपणे म्हणाले, "पाय कुठायत तुझे?"

हे वाक्य मी त्या १३ तासांत शंभरेक वेळा ऐकलं असेल.

वर सुद्धा तेच. जुन्या विमानात डावीकडे वळायला नुसती स्टिक डावीकडे नेली की नाक आधी उजवीकडे जातं, रुसल्यासारखं, आणि मग सावकाश वळतं. सोबत डावा रडर हवाच. विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारा बॉल, म्हणजे वाकड्या नळीतली गोळी, सरांच्या पाठीपलीकडे लपलेला, म्हणून मला बुडाने ओळखायला शिकवलं. विमान घसरत असेल तर आपण सीटवर एका बाजूला सरकतो, ज्या बाजूला सरकतो त्या बाजूचा पाय दाबायचा. लांबच्या एका टेकडीवर नाक धरून ठेवायचं आणि पंख डावीकडे-उजवीकडे झुलवायचे, नाक टेकडीवरून हलता कामा नये. पहिल्यांदा माझं नाक अख्खी डोंगररांग पाहून आलं. पण अर्ध्या तासाने काहीतरी जुळलं, हात आणि पाय एकत्र जायला लागले, आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मी ७० तास एका पायावर लंगडी घालत होते.

लँडिंगचे दोन प्रकार. थ्री-पॉइंट म्हणजे तिन्ही चाकं एकदम टेकवायची, आणि व्हील लँडिंग म्हणजे पुढची दोन आधी, शेपूट वर ठेवून, मग वेग उतरला की तेही खाली.

थ्री-पॉइंट मला तसं लवकर जमलं. जमिनीच्या फूटभर वर धरून ठेवायचं, बसू द्यायचं नाही, ते बसायला बघतं, आपण स्टिक आणखी मागे घ्यायची, आणखी मागे, पोटाला लागेपर्यंत, आणि मग त्याला उडायची ताकदच उरत नाही तेव्हा ते बसतं. समोर काहीच दिसत नसतं, नाक वर आलेलं. मग बघायचं कुठे? दोन्ही बाजूंना. नाकाच्या डावीकडे रनवेची कड आणि गवत मिळून एक त्रिकोण दिसतो, उजवीकडे तसाच एक. दोन्ही त्रिकोण सारखे म्हणजे तुम्ही सरळ. एक मोठा झाला की पाय. मी तेव्हापासून आयुष्यात इतकं गवत बघितलंय ना.

व्हील लँडिंगने मात्र रडवलं. कारण ते मनाच्या विरुद्ध आहे. चाकं टेकतात तेव्हा विमान जरा जरी खाली येत असेल तरी मागचं वजन शेपटाला खाली ओढतं, शेपूट खाली म्हणजे पंख पुन्हा उचलायला लागतात, म्हणजे विमान परत हवेत. यालाच बाउन्स म्हणतात आणि माझा एक बाउन्स कधीच एक नव्हता. उपाय काय तर टेकल्या टेकल्या स्टिक किंचित पुढे. जमिनीवर टेकताना नाक खाली ढकला! हाताला हे पटतच नाही. मी आधी ढकलायचेच नाही, मग घाबरून फार आधी ढकलायला लागले, मग एकदा असा बेडूक झाला की सरांनी थ्रॉटल पुढे मारून परत वर नेलं आणि म्हणाले, "ढकलायचं नाही गं, हात नुसता सैल सोड, पुढे. लेकरू झोपल्यावर हात काढून घेतो तसा." सरांच्या तोंडून हे ऐकून मला हसूच आलं, पण पुढच्याला जमलं. एका चीऽऽ अशा बारीक आवाजात चाकं लागली आणि विमान तसंच पळत राहिलं, शेपूट वर, समोर अख्खा रनवे दिसतोय. मी आनंदाने ओरडले आणि ओरडताना पाय थांबले. "पाय!"

आता ती गोष्ट सांगायलाच हवी. आठवा तास. तोपर्यंत गवतावर उतरत होतो, गवत माफ करतं, चाकं जरा आडवी घसरली तरी घसरू देतं. त्या दिवशी डांबरी रनवे, डावीकडून वारा, फार नाही. लँडिंग इतकं सुंदर झालं की आधी डावं चाक आणि शेपटाचं चाक, मग उजवं, अगदी पुस्तकात असतं तसं. वेग उतरत होता, पळणाऱ्या माणसाएवढा राहिला असेल, आणि मी मनात म्हटलं, झालं. मान वळवून बाहेर पडायचा रस्ता कुठला ते बघितलं. स्टिक पोटापासून दोन बोटं पुढे आली असणार, आणि डावीकडे धरलेली स्टिक मधे आली असणार. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक. नाक डावीकडे निघालं. मी उजवा पाय मारला, उशिरा मारला म्हणून जास्त मारला, नाक उजवीकडे गेलं, मग डावा, तो आणखी जास्त. तिसऱ्या हेलकाव्याला विमानाने माझं ऐकायचं सोडलं. शेपटाचं चाक एका मर्यादेपर्यंतच रडरने वळतं, त्यापलीकडे ते सुटं होऊन मोकळं फिरतं, आणि ते सुटं झालेलं मला बुडाखाली कळलं, खट्ट असं. सगळं जग डावीकडून उजवीकडे वाहत गेलं. थांबलो तेव्हा आम्ही रनवेच्या कडेला गवतात होतो, तोंड जवळजवळ उलट्या दिशेला, इंजिन बंद पडलेलं, आणि पूर्ण शांतता. तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते खरंच पळतं, जीभ टाळूला चिकटली होती.

उतरून बघितलं. उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा डाग, गवताचा. बाकी काही नाही. सर चाकाशी वाकून, पंखाखालचे दांडे हलवून सगळं नीट बघत होते आणि मी मागे उभी राहून सांगत होते की सर वारा एकदम बदलला, डांबर किती घट्ट धरतं बघा ना. ते उठले, हात झटकले, म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." मग जरा वेळाने, "मी मुद्दाम उशिरा पाय लावला. वेग कमी होता म्हणून." म्हणजे ते थांबवू शकले असते! मला इतका राग आला की दोन दिवस गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी गेले. आजही मला तो प्रकार पटलेला नाही, दुसऱ्याच्या पोराला शिकवायचं असतं तर मी असं केलं नसतं, विमान मोडलं असतं तर? पण तेव्हापासून विमान पूर्ण थांबेपर्यंत माझी मान कधी वळलेली नाही हेही तितकंच खरं.

सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकटीने उडवायच्या, दिवशी सर मधेच "थांब" म्हणाले, उतरले, दाराचा खालचा भाग बंद केला आणि चालायला लागले. समोरची पाठ गेली आणि मला पहिल्यांदा सगळी घड्याळं दिसली. गंमत बघा, बारा तास ज्यांच्यासाठी मान वाकडी केली ती समोर होती आणि मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. एक माणूस कमी म्हणजे केवढा फरक, थ्रॉटल दिला, शेपूट वर, पाय आपोआप उजवीकडे, आणि मी तयार होईपर्यंत विमान हवेत होतं. तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्यात एक छोटा बाउन्स, तो मी सरांना सांगणार नव्हते पण त्यांनी पाहिला होता.

त्यानंतरचे तास मजेचे. कबचं दार उजवीकडे असतं, वरचा अर्धा भाग पंखाखाली अडकवायचा, खालचा खाली सोडायचा, आणि तसंच उडायचं. वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कुठे पोचायचं असेल तर हे विमान निरुपयोगी आहे, समोरून वारा असेल तर खालच्या गाड्या मागे टाकतात. संध्याकाळी हजार फुटांवरून नांगरलेल्या मातीचा वास येतो. नदीवरून गेलं की पायाला गारवा लागतो आणि पलीकडे परत ऊब. वेग उतरवत नेला की वाऱ्याचा आवाज बारीक होत जातो, आणि स्टॉल, म्हणजे पंख विमान पेलेनासे होतात ती वेळ, जवळ आला की ते खाली लोंबणारं दार आपोआप हळूच वर तरंगायला लागतं, कुणीतरी उचलल्यासारखं. पहिल्यांदा बघून मी दचकले होते, आता त्या दाराकडे बघूनच समजतं की बास. सरांनी कानाचं म्हटलं होतं ते हेच. फ्लॅप नाहीत म्हणून उंची पटकन कमी करायची असेल तर स्लिप, म्हणजे एक पंख खाली आणि उलटा पाय पूर्ण दाबून विमान आडवं घसरवायचं, वारा दारातून सरळ गालावर येतो. हे तर मी गरज नसतानाही करते.

मधे एकदा कामानिमित्त १७२ घेतलं. शेजारी मित्र बसला होता, तोही पायलट. उतरल्यावर म्हणाला, "तुझे पाय काय सारखे हलत होते? काही त्रास आहे का?"

परवा कब उतरवलं, हँगरपुढे आणलं, इंजिन बंद केलं. सीटचा पट्टा स्टिकभोवती गुंडाळून ती पोटाकडे बांधली म्हणजे वाऱ्याने मागचे पंख फडफडत नाहीत. डाव्या पंखाची दोरी, उजव्या पंखाची दोरी, गाठी ओढून बघितल्या. चाकांना ठोकळे लावले. पाठीवर बॅग टाकून निघाले, तोंडाने शीळ घालत, वीसेक पावलं गेले असेन.

हँगरच्या दारात सर खुर्ची टाकून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आणि शेपूट?"

परत गेले. तिसरी दोरी गवतात तशीच पडली होती.